टाटा-मर्सिडीज १२१०चे मागचे पाटे पुन्हा बसवताना

वडिलांनी १९६८ साली घेतलेला टाटा-मर्सिडीज-बेंझ १२१० हा ट्रक आमच्या शेडमध्ये पंधरा वर्षे उभा होता. इंजिनाचे काम उरकल्यावर, जूनचा पहिला पाऊस पडून गेला त्या दिवशी मी तो अंगणात बाहेर काढला, वीसेक फूट सरळ पुढे नेला आणि सहज खाली उतरून ओल्या तांबड्या मातीतले ठसे पाहू लागलो. मागच्या जोडचाकांचा ठसा पुढच्या चाकाच्या ठशापेक्षा दोन्ही बाजूंना सारखाच बाहेर पडायला हवा होता. तो डावीकडे जितका बाहेर पडला होता, त्यापेक्षा उजवीकडे चार बोटे कमी पडला होता. स्टिअरिंग सरळ होते, चाकांत हवा पुरेशी होती. म्हणजे मागचे हाउसिंग (मागच्या चाकांचा धुरा सामावणारे कवच) चॅसीला काटकोनात बसलेले नव्हते आणि गाडी तिरकी चालत होती. इंजिन चालू झाल्याचा आनंद तेथेच ओसरला, कारण हाउसिंग तिरके असणे याचा अर्थ पाटे (गाडीचे ओझे झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), त्यांच्या पिना आणि ते चॅसीवरच्या ज्या आधारांना धरून असतात ते हँगर, या सगळ्याला हात घालणे भाग होते.

या गाडीच्या जाळीवर अजून तीन टोकांचा तारा आहे. टाटांची टेल्को आणि जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांचा करार १९५४ मध्ये झाला, जमशेदपूरला हे ट्रक बनू लागले आणि १९६९ मध्ये करार संपल्यावर ताऱ्याची जागा टाटांच्या ‘टी’ या अक्षराने घेतली. आमची गाडी त्या शेवटच्या वर्षांतली. वडिलांनी तिच्यातून कोल्हापूरचा गूळ आंबा घाटाने रत्नागिरीकडे नेला आणि परतताना जांभ्याचे चिरे आणले. म्हणून ती जशी कारखान्यातून आली तशीच करायची, वाटेत कोणी काय बदलले असेल ते शोधून काढायचे, हे माझे सुरुवातीपासून ठरलेले होते.

काम सुरू करण्यापूर्वी मी दोन दिवस नुसता गाडीखाली पडून पाहत राहिलो, आणि तो वेळ मला आजही सत्कारणी लागल्यासारखा वाटतो. मागच्या बाजूची रचना वरवर पाहता अगदी साधी आहे. प्रत्येक बाजूला एकाखाली एक रचलेल्या पाट्यांचा एक जुडगा. सर्वांत वरच्या मुख्य पाट्याची दोन्ही टोके वळवून गोल आय, म्हणजे पिन जाण्याची भोके, केलेल्या. पुढची आय चॅसीला रिव्हेट केलेल्या हँगरमध्ये पिनने जखडलेली. आणि मागची आय मात्र थेट हँगरला नव्हे, तर झोपाळ्यासारख्या हलणाऱ्या शॅकलला अडकवलेली. पाट्यावर वजन आले की त्याची वक्रता कमी होते आणि दोन टोकांमधले अंतर वाढते. दोन्ही टोके जखडून ठेवली, तर पाट्याला वाढायला जागाच उरणार नाही. ती जागा शॅकल देतो.

पुढच्या पिनेचे काम मात्र फार मोठे आहे आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. या गाडीत हाउसिंगला धरून ठेवणारा वेगळा दांडा नाही. चाके फिरून गाडीला जो रेटा देतात, तो हाउसिंगमधून पाट्यात, पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागातून पुढच्या आयमध्ये, तेथून पिनेत, हँगरमध्ये आणि चॅसीत जातो. ब्रेक मारल्यावर उलट दिशेचा ताणही त्याच वाटेने जातो. म्हणजे भरलेला ट्रक आंबा घाट चढतो, तेव्हा तो अंगठ्याएवढ्या जाडीच्या दोन पिनांना ढकलत चढत असतो.

मुख्य पाट्यांच्या वर हेल्पर, म्हणजे मदतीच्या पाट्यांचा जुडगा, असतो. त्याची टोके कशालाही जोडलेली नसतात. चॅसीला बसवलेल्या दोन ब्रॅकेटांच्या खाली ती मोकळी राहतात. गाडी रिकामी असताना टोक आणि ब्रॅकेट यांच्यात फट असते, माल भरत गेला की चॅसी खाली येते, फट मिटते आणि मग हेल्पर आपला वाटा उचलू लागतो. रिकाम्या गाडीला नरम आणि भरलेल्या गाडीला कडक असे दोन स्वभाव एकाच गाडीत आणण्याची ही युक्ती मला फार मोलाची वाटते.

आमच्या गाडीत ती फटच नव्हती. टॉर्च लावून पाहिले, तर दोन्ही बाजूंच्या हेल्परच्या ब्रॅकेटांखाली लोखंडी पट्ट्यांचे तुकडे वेल्ड करून ती बुजवून टाकलेली होती. मागचे दोन्ही शॅकल मागे झुकून चॅसीच्या तळाला जवळजवळ टेकले होते. मधे माझी करंगळीही जात नव्हती. आणि उजवीकडचा मागचा हँगर, जो फक्त रिव्हेटांवर उभा असायला हवा होता, त्याच्या भोवती वेल्डिंगची जाड, ओबडधोबड कड फिरवलेली होती.

वडिलांच्या जुन्या वहीत या कामाची नोंद सापडली. उसाच्या एका हंगामात, परगावच्या एका गॅरेजमध्ये, ‘मागून बसते म्हणून’ पाटे दुरुस्त करून घेतल्याची ती नोंद होती. तेथे काय घडले असेल, हे पुढे एकेक भाग सुटत गेला तसे उलगडत गेले. पाटे वर्षानुवर्षांच्या ओझ्याने बसले होते, म्हणजे रिकाम्या गाडीतही ते बरेच सपाट झाले होते. सपाट झालेल्या पाट्याच्या टोकांमधले अंतर वाढलेले असते, म्हणून शॅकल आधीच मागे ढकलला गेला होता. अशा वेळी पाटे उतरवून त्यांना पुन्हा वाक देणे हा खरा उपाय होता. त्याऐवजी हेल्परची फट बुजवून गाडी वर उचलली गेली. त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा धक्का हेल्परच्या ब्रॅकेटातून आणि टेकलेल्या शॅकलमधून सरळ चॅसीला बसू लागला, हँगरचे रिव्हेट ढिले झाले आणि मग ढिल्या हँगरला वेल्डिंगने चिकटवण्यात आले. एका चुकीने दुसरी ओढून आणली. त्या वेळी गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायची होती, घरची गरज होती, हे मी जाणतो; तरीही हे काम पाहून मला वाईट वाटले.

गाडी उचलण्यासाठी चॅसीखाली रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांचे दोन भक्कम मनोरे रचले आणि हाउसिंग वेगळ्या जॅकवर घेतले. नुसत्या जॅकच्या भरवशावर या गाडीखाली कधीही जाऊ नये, हे वडिलांनी मला लहानपणीच शिकवले होते. पाटे हाउसिंगला आवळून धरणारे यू-बोल्ट गंजून एकजीव झाले होते. गॅसने कापले असते तर दहा मिनिटांचे काम होते, पण ज्वाळा पाट्याला लागली की तेथले पोलाद कामातून जाते, म्हणून छिन्नी आणि करवतीने ते कापायला दीड दिवस घेतला. यू-बोल्ट तसेही पुन्हा वापरायचे नसतात; एकदा ताणले गेलेले आटे दुसऱ्यांदा तीच पकड देत नाहीत.

उजवीकडचा जुडगा मोकळा झाल्यावर सेंटर बोल्टचे दोन तुकडे माझ्या हातात आले. हा बोल्ट पाटे एकत्र ठेवतो आणि त्याचे गोल डोके हाउसिंगच्या खळग्यात बसून हाउसिंगची जागा पक्की करते. ओझे पेलणे हे त्याचे काम नाही. पकड यू-बोल्टांची असते. ते सैल झाले की गाडीचा सगळा रेटा या बारीक बोल्टवर येतो आणि तो कातरला जातो. उजवीकडचे हाउसिंग पाट्याखाली १४ मि.मी. सरकले होते. अंगणातल्या मातीने दाखवलेल्या चार बोटांचे मूळ हे १४ मि.मी. होते.

हँगर काढण्यासाठी वेल्डिंग ग्राइंडरने घासले, तेव्हा त्याखाली तडा दिसला. चॅसीचा लांब चॅनेल इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा असतो. त्याच्या उभ्या बाजूवर भोके पाडून हँगर रिव्हेट करतात, पण वरच्या-खालच्या आडव्या कडांना सहसा हात लावत नाहीत, कारण वाकताना सर्वांत जास्त ताण त्या कडांवर असतो. येथे वेल्डिंग थेट खालच्या कडेवर आडवे ओढलेले होते. हँगर चॅनेलच्या बाहेरच्या अंगाला असल्यामुळे प्रत्येक धक्का चॅनेलला पीळही देतो, म्हणूनच तर मूळ रचनेत हँगरच्या जवळच दोन चॅनेलना जोडणारी आडवी तुळई ठेवलेली आहे. तापून कडक झालेला वेल्डिंगचा काठ हा पीळ सोसू शकला नाही. तडा काठाच्या टोकापासून निघून कडेत ४० मि.मी. आत गेला होता. रंगाखाली तो केसाएवढा बारीक होता. मी रॉकेल लावून पुसले, वर खडू घासला, आणि दहा मिनिटांत पांढऱ्या खडूवर एक काळसर रेघ उमटली.

पाटे मी कोल्हापुरात एका जुन्या पाटेवाल्यांकडे नेले. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी प्रत्येक पाटा दोरीने लटकवून त्यावर हातोडीचा हलका टोला मारला आणि आवाज ऐकून दोन पाटे बाजूला काढले. त्यांचा नाद बद्द येत होता. दोन्ही सेंटर बोल्टच्या भोकातून चिरले होते. यू-बोल्ट घट्ट असतील तर पाट्याचा मधला भाग वाकतच नाही आणि भोकाला धोका नसतो. ते सैल पडले की वाकण्याचा सगळा जोर नेमका भोकावर येतो, कारण तेथे पोलाद सर्वांत कमी असते.

भट्टीत तापवून वाक देण्याबद्दल मी विचारले, तर चाचा म्हणाले, “पाटा भट्टीत घातला की त्याचं पाणी उतरतं. पुन्हा पाणी द्यायला तेल लागतं, नेमकी आच लागते; ते कारखान्याचं काम. आपण गारच ठोकायचा.” पाणी म्हणजे तापवून आणि गार करून पोलादाला आणलेला कडकपणा. मधोमध खोलगट असलेल्या ऐरणीवर पाटा धरून त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाबोटाच्या अंतरावर ठोके टाकत नेले, आणि प्रत्येक फेरीनंतर पाटा जमिनीवर खडूने काढलेल्या कमानीवर ठेवून पाहिला. हातोड्याचे तोंड त्यांनी मुद्दाम किंचित गोलसर घासून ठेवले होते. पाट्याची खोलगट बाजू वर असते आणि वजन आले की तीच ताणली जाते. तेथे हातोड्याच्या कडेची खूण राहिली, तर पुढचा तडा तेथूनच सुरू होतो. आठ तासांत त्यांच्या हातून तशी एकही खूण पडली नाही.

चिरलेल्या दोन पाट्यांच्या जागी जास्त जाडीचे पाटे घालावेत, म्हणजे गाडी पुन्हा बसणार नाही, असा सल्ला मला तेथेच एकाने दिला. मी तो मानला नाही. पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १० मि.मी.च्या जागी १२ मि.मी.चा पाटा घातला, तर दिसायला दोनच मि.मी. वाढतात, पण तो पाटा पावणेदोनपट कडक होतो. शेजारचे पाटे वाकतात तेव्हा तो वाकायला तयार नसतो आणि जास्तीचे सगळे ओझे त्याच्यावरच येते. म्हणून जुन्या पाट्यांची जाडी कॅलिपरने मोजून, तेवढ्याच जाडीचे आणि रुंदीचे नवे पाटे सिलिको-मँगनीज पोलादात घेतले. जोडण्यापूर्वी प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने घासून त्यावर ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात दिला.

याच काळात मागच्या टोकाला शॅकल ठेवायचाच का, हा प्रश्नही उभा राहिला. अनेक जड गाड्यांत मागच्या टोकाला आय नसते. पाट्याचे सपाट टोक ब्रॅकेटमधल्या गोलसर ठोकळ्याखाली नुसते टेकलेले असते आणि वजनानुसार पुढेमागे घसरते. त्यात पिन नाही, पिनेभोवतीचे बुश नाही, ग्रीस भरायचे निपल नाही. शिवाय वजन वाढले की टेकण्याची जागा आत सरकते, पाट्याची कामाची लांबी घटते आणि तो आपोआप कडक होत जातो. नवा हँगर बसवायचाच आहे तर हाच प्रकार करा, देखभाल वाचेल, असे मला दोघांनी सुचवले, आणि त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पण घसरणारे टोक ठोकळ्याला झिजवते, रिकाम्या गाडीत खडखडते, आणि गाडी उसळल्यावर पाटा खाली निसटू नये म्हणून त्याला वेगळी अडही द्यावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या चॅसीवरची भोके, आडव्या तुळईची जागा आणि हेल्परच्या ब्रॅकेटांमधले अंतर हे सगळे शॅकल गृहीत धरून आखलेले आहे. एकच तुकडा बदलून मूळ आखणीत ढवळाढवळ केल्याचा परिणाम मी नुकताच ग्राइंडरखाली पाहिला होता.

मागे दोन धुरे असलेल्या जुन्या गाड्यांत तर हा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने सोडवलेला दिसतो. अमेरिकेत हेंड्रिक्सन कंपनीने १९२६ मध्ये दोन मागच्या धुऱ्यांना गाडीच्या लांबीत ठेवलेल्या तुळईच्या दोन टोकांवर बसवले आणि ती तुळई मध्यावर डोलती ठेवली. एक चाक उंचवट्यावर चढले की दुसरे तितकेच खाली जाते आणि दोघांवरचे ओझे सारखे राहते. दुसऱ्या प्रकारात पाट्यांचा जुडगाच उलटा करून मध्यावर एका जाड खुंटीवर फिरता ठेवतात आणि त्याची टोके दोन धुऱ्यांवर टेकवतात. तेथे टोके मोकळी घसरत असल्याने पाटा गाडीला पुढे ढकलू शकत नाही, आणि म्हणून ते काम करण्यासाठी वेगळे दांडे द्यावे लागतात. हे पाहिल्यानंतर आमच्या दोन धुऱ्यांच्या गाडीत ओझे पेलणे, गाडी ढकलणे आणि ब्रेकचा ताण सोसणे ही तिन्ही कामे तोच एक पाटा करतो, याची खरी किंमत मला कळली.

चॅसीच्या तड्याचे काम सर्वांत नाजूक होते. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडले, म्हणजे तो पुढे सरकणार नाही. मग तडा खाचेसारखा उघडून, भट्टीत वाळवलेल्या लो-हायड्रोजन रॉडने भरला आणि घासून कडेशी सपाट केला. आतल्या बाजूने आधाराची पट्टी दिली, तिची टोके तिरकी कापली आणि ती फक्त चॅनेलच्या उभ्या बाजूला बोल्टांनी धरली. टोके सरळ कापली असती तर चॅनेलचा कडकपणा तेथे एकाएकी बदलला असता आणि नवा तडा त्याच रेषेत आला असता.

कारखान्यातल्यासारखे रिव्हेट मला मारता आले नाहीत. त्यासाठी लागणारा दाब आमच्याकडे नव्हता, आणि अर्धवट बसलेला रिव्हेट हा ढिल्या बोल्टपेक्षा वाईट. म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये भोके रीमर फिरवून गोल करून घेतली आणि त्यांत हाताने नव्हे तर हातोडीच्या हलक्या ठोक्यानेच आत जातील असे उच्च ताणाचे बोल्ट बसवले. भोक आणि बोल्ट यांच्यात जागाच नसेल तर हँगर हलणार नाही. त्याच वर्कशॉपमध्ये गनमेटलचे बुश आणि वरून कडक केलेल्या पिना करून घेतल्या. जुनी पुढची पिन एका बाजूने दीड मि.मी. झिजली होती; तिची ग्रीसची वाट वाळलेल्या, दगडासारख्या गाळाने बंद झालेली होती. ही एक वाट मोकळी राहिली असती तर ती पिन अजून चालली असती.

जोडणी तीन दिवसांत झाली. हाउसिंग जागेवर आल्यावर दोन्ही बाजूंच्या पुढच्या पिनांच्या मध्यातून आणि हाउसिंगच्या दोन्ही टोकांतून ओळंबा सोडून जमिनीवर चार खुणा केल्या, गाडी बाजूला घेतली आणि त्या खुणांमधली अंतरे टेपने मोजली. दोन्ही बाजूंमध्ये फरक १ मि.मी., कर्णांमध्ये २ मि.मी. यू-बोल्ट आळीपाळीने, समोरासमोरच्या क्रमाने, चार फेऱ्यांत आवळले, आणि शेवटची फेरी गाडीवर वजन असताना केली, कारण जुडगा दाबला गेल्याशिवाय पाट्यांमधली सगळी पोकळी जात नाही.

मग चिरे भरले. घरामागे रचून ठेवलेले जांभ्याचे चिरे चार जणांनी एकेक थर करत हौद्यात लावले आणि प्रत्येक थरानंतर मी खाली वाकून दोन्ही बाजू पाहिल्या. रिकाम्या गाडीत शॅकल किंचित पुढे झुकलेला होता, हेल्परच्या टोकावरच्या फटीत माझी दोन बोटे आडवी जात होती. दुसऱ्या थराला शॅकल सरळ उभा राहिला. चौथ्या थराला फटीतून कागद जेमतेम जात होता, आणि पाचव्या थराचे पहिले काही चिरे ठेवताच उजवीकडून आणि लगोलग डावीकडून, ग्रीस लावलेल्या टोकावर ब्रॅकेट टेकल्याचा अगदी मऊ आवाज आला. मी कागद ओढून पाहिला, तो निघेना. शॅकल मागे कलला होता आणि त्याच्या मागे अजून तीन बोटे जागा होती.

तेच ओझे घेऊन आम्ही आंबा घाट उतरून साखरप्यापर्यंत गेलो आणि परत चढून आलो. परतल्यावर यू-बोल्टांच्या नटांना पाना लावला, तेव्हा डावीकडचे दोन नट पाव आटा फिरले, उजवीकडचे अर्धा. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा लावला, तेव्हा एकही फिरला नाही. त्या संध्याकाळी पाऊस पडून गेला होता. गाडी अंगणात घेताना मी ती मुद्दाम सरळ आणली आणि उतरून ठसे मोजले. दोन्ही बाजूंना जोडचाकांचा ठसा सारखाच बाहेर पडला होता.